मॅनस्टॉपर : कुठल्या माणसाला थांबवण्यासाठी?

रमजानमधली एक पहाट. सहेरी आटोपून चहा घेत बसलो होतो. ह्यूस्टनला राहणाऱ्या आतेभावाचे लागोपाठ आठ-दहा फोटो मोबाइलवर येऊन पडले. तिकडे संध्याकाळ होती. फोटो एका जुन्या रिव्हॉल्व्हरचे होते. लोखंडावर तपकिरी गंज, मुठीचा काळा रंग उडून चॉकलेटी झालेला, स्क्रूची तोंडं घासलेली. खाली त्याने लिहिलं होतं, ‘भाई, तुम्ही इतिहासवाले. हा बाण आणि त्याच्याखालचा ‘आय’ म्हणजे काय, सांगा.’

आतेभाऊ मेकॅनिकल इंजिनियर. घरच्या गॅरेजमध्ये छोटं लेथ मशीन ठेवून जुनी घड्याळं, शिलाई मशीन दुरुस्त करण्याचा त्याला नाद आहे. कुणा वारलेल्या संग्राहकाच्या सामानाच्या लिलावात त्याने हे हत्यार घेतलं होतं. टेक्सासमध्ये अशी खरेदी कायदेशीर आहे. आपल्याकडे ती का शक्य नाही, हे पुढे येईलच.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. तीन रेघांचा तो रुंद बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता. बाणाखाली ‘आय’ असेल तर इंडिया, म्हणजे हिंदुस्थान सरकारचा माल. बर्मिंगहॅममध्ये १९१७ साली घडवलेलं हे रिव्हॉल्व्हर कधीकाळी आपल्या मुलखातल्या कुठल्यातरी कोठारात नोंदलं गेलं होतं.

पण मला थांबवलं ते लिलावाच्या माहितीपत्रकाने. त्याचाही फोटो त्याने पाठवला होता. त्यात या जातीच्या रिव्हॉल्व्हरला कौतुकाने ‘मॅनस्टॉपर’ म्हटलं होतं. माणसाला जागच्या जागी थांबवणारं. पुढे एक ओळ होती. वसाहतींमधल्या ‘धर्मवेड्या टोळीवाल्यां’समोर ब्रिटिश अधिकाऱ्याला याच मोठ्या बोअरचा भरवसा वाटे, अशा अर्थाची.

जुन्या शस्त्रांविषयीच्या पुस्तकांत, लिलावाच्या कॅटलॉगांत हा शब्द तुम्हाला जागोजागी सापडेल. तो लिहिणाऱ्यांना बहुधा एक प्रश्न पडत नाही. मॅनस्टॉपर खरं, पण कुठल्या मॅनला थांबवायला? या लेखात त्या प्रश्नाचा माग काढायचा आहे.

हातात आलेली वस्तू

आधी वस्तू समजून घेऊ. वेब्ली मार्क सहा. बोअर पॉइंट ४५५, म्हणजे नळीचं तोंड जवळपास साडेअकरा मिलिमीटर. सहा इंची नळी, सहा गोळ्यांचं फिरतं सिलिंडर, वजन साधारण १.१ किलो. गोळी जड, सुमारे १७ ग्रॅमची, आणि तिचा वेग त्या मानाने कमी. हलकी वेगवान गोळी आरपार निघून जाते, जड संथ गोळी सगळा धक्का शरीरातच सोडते, असा यामागचा हिशेब होता.

वेब्ली हे बर्मिंगहॅमचं जुनं बंदूकवालं घराणं. त्यांच्या रिव्हॉल्व्हरचा मार्क एक ब्रिटिश फौजेने १८८७ साली स्वीकारला. मग सुधारणा होत होत १९१५ च्या मे महिन्यात मार्क सहा आला. पहिल्या महायुद्धात त्याची सुमारे तीन लाख नग निर्मिती झाली. खंदकातल्या चिखलात अडकत नाही, ही त्याची ख्याती. अंगठ्याने बाजूची कळ दाबली की नळी पुढे मोडल्यासारखी झुकते आणि सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम वर उचलल्या जाऊन बाहेर पडतात. घोड्यावर बसलेल्या स्वाराला एका हाताने ते मोकळं करता यावं, हा त्या रचनेचा फायदा.

या बोअरची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीतही बनली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथली काडतुसं संग्राहक आजही बुडावरच्या ‘के’ आणि ‘एफ’ या अक्षरांवरून ओळखतात. आतेभावाला हे सांगितलं तेव्हा तो चकित झाला. त्याचं इंजिनियरिंगचं शिक्षण पुण्याचं. खडकीवरून तो चार वर्षं लोकलने गेला होता.

पाच गोळ्या छातीत

मोठ्या बोअरच्या आग्रहाची कहाणी वेब्लीच्या आधी सुरू होते आणि तिचा उगम आपल्याच भूमीवर आहे.

१८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनात दोन रिव्हॉल्व्हर समोरासमोर आली. एक अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टचं, दुसरं इंग्लंडच्या रॉबर्ट अॅडम्सचं. कोल्टचं नेव्ही मॉडेल पॉइंट ३६ बोअरचं, अचूक आणि लांब पल्ल्याचं. त्याचा घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागे. अॅडम्सचं रिव्हॉल्व्हर मोठ्या बोअरचं. नुसता चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन बार उडे. पल्ला कमी, पण जवळच्या झटापटीत जलद. १८५६ साली ब्यूमाँट नावाच्या अधिकाऱ्याच्या सुधारणेमुळे दोन्ही सोयी एकाच हत्यारात आल्या.

पुढच्याच वर्षी १८५७ चा उठाव झाला. त्यातला एक प्रसंग ब्रिटिश शस्त्रलेखकांनी पुढे पिढ्यानपिढ्या सांगितला. नेमबाजीचा अभिमान असलेल्या एका अधिकाऱ्याच्या अंगावर एक शिपाई तलवार घेऊन धावून आला. अधिकाऱ्याच्या हाती कोल्ट नेव्ही होतं. त्याने सहाही बार काढले. पाच गोळ्या शिपायाच्या छातीत जवळजवळ लागल्या आणि पाठीतून बाहेर पडल्या. तरी तो थांबला नाही. त्याने अधिकाऱ्याचं डोकं दुभंगलं आणि मग त्याच्याच शेजारी कोसळून मेला.

या गोष्टीचं तात्पर्य म्हणून प्रत्येक लेखकाने एकच वाक्य लिहिलं : गोळी लहान होती. मोठ्या बोअरच्या बाजूने दिलेल्या साक्षींमधली ही बहुधा सर्वांत गाजलेली साक्ष असेल.

ती वाचताना मला दुसरंच काही दिसतं. छातीत पाच गोळ्या घेऊन पुढे येणाऱ्या त्या शिपायाचं नाव कुणीही टिपलेलं नाही. तो अवधचा ब्राह्मण होता की रोहिलखंडचा पठाण, त्याची पलटण कुठली, कशासाठी तो इतका पेटला होता, याची विचारपूस नाही. त्याचं शरीर फक्त मोजमाप म्हणून उरलं. एक माणूस किती गोळ्या पचवतो, याचं मोजमाप.

डमडम, हेग आणि मोरो

हीच विचारपद्धती पुढच्या ५० वर्षांत पक्की झाली. फक्त शिपायाच्या जागी आता ‘फॅनॅटिक’ आला.

सरहद्दीवरच्या मोहिमांची ब्रिटिश कागदपत्रं चाळली की ‘गाझी’ आणि ‘फॅनॅटिक’ हे शब्द जोडीने येतात. १८६७ साली पंजाबसाठी खास कायदाच झाला होता. अधिकाऱ्यांवर जीवघेणे हल्ले करणाऱ्या अशा ‘धर्मवेड्यां’वर झटपट खटला चालवून त्यांना फाशी देण्यासाठी. एखाद्या अधिकाऱ्यावर सुरा घेऊन धावण्याचं समर्थन मला इथे करायचं नाही. पण ज्याच्या खोऱ्यात फौज घुसते, गावं जाळते, त्याच्या रागाचं कारण त्याच्या धर्मात शोधलं की फौज घुसली का, हा प्रश्न विचारावा लागत नाही. ही सोय फार जुनी आहे. आजही ती वापरात आहे.

१८९५ च्या चित्राल मोहिमेनंतर तक्रार आली की नव्या पॉइंट ३०३ रायफलीची पातळ गोळी टोळीवाल्यांना थांबवत नाही. त्यावर कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी तयार केली. शरीरात शिरताच ती फुलते आणि मोठी जखम करते. ‘डमडम बुलेट’ हा शब्द जगभरच्या भाषांत गेला तो तिथून. १८९८ साली वेब्लीसाठीही तशीच गोळी निघाली. पॉइंट ४५५ मार्क तीन. तिच्या तोंडाला पोकळ खळगा होता. तिचंच लाडकं नाव ‘मॅनस्टॉपर’. आतेभावाच्या माहितीपत्रकातला शब्द मुळात या गोळीचा आहे.

१८९९ साली हेगला शांतता परिषद भरली. फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालण्याचा ठराव आला. ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी विरोध केला. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा होता : सुसंस्कृत सैनिक गोळी लागली की जखमी झाल्याचं ओळखतो आणि मागे फिरतो. रानटी माणूस मात्र दोन-तीन गोळ्या लागूनही धावत येतो, आणि आपण नियम मोडतो आहोत हे त्याला समजावून सांगण्याआधीच तो तुमचं मुंडकं उडवतो. ठराव बहुमताने झाला. पण तो करारात सामील झालेल्या देशांच्या आपसातल्या युद्धापुरताच होता. ज्यांना परिषदेत खुर्चीच नव्हती, त्यांच्या शरीरांना त्याचं संरक्षण नव्हतं. ब्रिटनने त्यावर सही केली ती १९०७ साली.

खळग्याची गोळी हेगनंतर मागे घेतली गेली. १९१२ मध्ये मात्र चपट्या तोंडाची, जवळपास तोच परिणाम करणारी मार्क चार गोळी पुन्हा आली. मग १९१४ ला महायुद्ध पेटलं. समोर आता जर्मन होते. त्याच वर्षी तसल्या गोळ्या काढून घेऊन सैनिकांना जुनी गोल तोंडाची गोळी देण्यात आली. माणूस बदलला आणि गोळीचा नियमही बदलला. यापेक्षा स्पष्ट पुरावा कुठला हवा?

समुद्रापलीकडे अमेरिकेतही हीच कथा घडत होती. स्पेनकडून फिलिपिन्स हाती आल्यावर दक्षिणेकडच्या मिंदानाओ आणि सुलू बेटांवरच्या मुसलमानांशी, म्हणजे मोरोंशी, अमेरिकन फौजेची गाठ पडली. शपथ घेऊन एकट्याने शत्रूवर तुटून पडणाऱ्या मोरोला स्पॅनिश लोक ‘हुरामेंतादो’ म्हणत. पॉइंट ३८ ची गोळी त्याला थांबवत नाही, अशी ओरड झाली. कोठारातली जुनी पॉइंट ४५ ची कोल्ट रिव्हॉल्व्हर काढून पुन्हा वाटण्यात आली. १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातली जनावरं आणि माणसांची प्रेतं यांच्यावर गोळ्या झाडून प्रयोग केले आणि पॉइंट ४५ च हवं, असा अहवाल दिला. १९११ चं प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल त्यातून आलं.

शस्त्रप्रेमी मंडळी ही कहाणी मोठ्या चवीने सांगतात. तिच्यात १९०६ सालच्या मार्चमधला बुड दाजोचा डोंगर सहसा नसतो. तिथे ज्वालामुखीच्या विवरात आसरा घेतलेल्या शेकडो मोरोंना अमेरिकन फौजेने ठार केलं. त्यात बायका होत्या, मुलं होती.

दोन साम्राज्यं, दोन भाषा. पण मोठ्या बोअरचं समर्थन करताना दोघांनी पुढे केलेलं चित्र एकच आहे. वेदना न कळणारा, मरणाला न भिणारा, बहुतेक वेळा मुसलमान असलेला एक देह. १८५७ च्या शिपायाला नाव नव्हतं. यालाही नाव नाही.

लायसन्स कुणाला?

आता दुसरी बाजू. ज्याच्यावर हे हत्यार रोखलं होतं, त्याला स्वतःला ते घेता येत होतं का?

उठाव मोडल्यावर मोठ्या प्रदेशात निःशस्त्रीकरण झालं. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आला. लेखणी आणि हत्यार दोन्हींवर एकाच वर्षी पहारा बसला. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपनने पुढे रद्द केला. शस्त्र कायदा राहिला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना मात्र नियमांतून मोठी सूट. बर्मिंगहॅमचं रिव्हॉल्व्हर मुंबईच्या दुकानात मिळत होतं, पण ते कुणाला मिळेल हे कातडीवर ठरत होतं.

याचा सल किती खोल होता, हे दोन गोष्टींवरून कळतं. अहिंसेचे पुजारी गांधीजी. १९१८ साली खेड्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना त्यांनीही संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याला ब्रिटिश राजवटीच्या काळ्या कृत्यांत गणलं. आणि १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. स्वातंत्र्यानंतर तो हक्क संविधानात आला नाही. माझ्या मते ते योग्यच झालं. फाळणीच्या जखमा ओल्या असताना घरोघरी बंदुका पोहोचल्या असत्या तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही.

१८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र कायद्याने घेतली. आज आपल्याकडे फौजी मापाची हत्यारं ‘प्रोहिबिटेड बोअर’ या वर्गात मोडतात. म्हणून सामान्य परवानाधारकाच्या हाती दिसतं ते कानपूरच्या सरकारी कारखान्याचं पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर. गंमत अशी की त्याचाही सांगाडा वेब्लीच्याच घराण्याचा, नळी पुढे झुकणारा.

जुन्या वस्तूंच्या बाबतीत कायद्याच्या ४५ व्या कलमात एक सवलत आहे. कालबाह्य किंवा पुरातन मूल्याचं हत्यार, जे दुरुस्त करून किंवा न करताही चालवता येणार नाही, ते या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतं. शब्द नीट वाचा. दुरुस्त करूनही चालता कामा नये. म्हणजे वाड्यातल्या भिंतीवरची गंजून मेलेली बंदूक हा वारसा. तीच तेलपाणी करून चालू होण्याजोगी असेल, तर परवान्याशिवाय तो गुन्हा. घरात आजोबांच्या काळचं काही निघालं तर स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी पोलीस ठाणं आणि जिल्हाधिकारी कार्यालय गाठा, हा माझा प्रेमाचा सल्ला.

ब्रिटनमध्येही आज ते सोपं नाही. १३ मार्च १९९६ रोजी डनब्लेनच्या शाळेत एका माणसाने १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेला गोळ्या घातल्या. त्यानंतर १९९७ मध्ये तिथे पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं खासगी हातातून जवळपास हद्दपार झाली. ऐतिहासिक मूल्याच्या हत्यारांसाठी कडक अटींवर थोडी वाट ठेवली आहे. अमेरिकेत मात्र १८९९ च्या आधी बनलेलं हत्यार केंद्रीय कायद्याने पुराणवस्तू, आणि ५० वर्षांहून जुनी हत्यारं संग्राहकांच्या वेगळ्या वर्गात. ज्या बर्मिंगहॅमने वेब्ली घडवलं, तिथल्या माणसाला ते ठेवणं कठीण, आणि टेक्सासमधल्या आमच्या भावाच्या टेबलावर ते निवांत पडलेलं.

गंज काढावा, खुणा नाही

रमजानभर आमचा फोनवर हाच विषय चालला. तो तरावीहनंतर गॅरेजमध्ये बसे आणि मी सहेरीला त्याचे फोटो पाही.

विकत घेतानाच त्याने काही गोष्टी तपासल्या होत्या. सांगाडा, नळी आणि सिलिंडर यांच्यावरचे नंबर जुळतात का. घोडा मागे ओढल्यावर सिलिंडर जागच्या जागी घट्ट बसतं की हलतं. नळी बंद केल्यावर सांध्यात खेळ आहे का. आतल्या पिळाच्या रेघा गंजाने खाल्ल्या आहेत का. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत क्षार असत. ते नळीत राहून ओल धरत आणि लोखंड खात. फौजेत म्हणूनच बार काढल्यावर नळीतून उकळतं पाणी ओतायचा रिवाज होता. ज्याने ते पाणी ओतलं त्याचं हत्यार टिकलं, ज्याने आळस केला त्याची नळी आतून चाळण झाली.

एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली होती. सिलिंडरचा मागचा भाग घासून पातळ केलेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अशी वेब्ली रिव्हॉल्व्हरं स्वस्तात आली, पण पॉइंट ४५५ ची काडतुसं तिथे मिळेनात. मग विक्रेत्यांनी सिलिंडर घासून त्यात अमेरिकन फौजेचं पॉइंट ४५ एसीपी काडतूस बसेल असं केलं. बसतं खरं, पण त्या काडतुसाचा दाब वेब्लीच्या मूळ काडतुसापेक्षा बराच जास्त. जुन्या पोलादाला तो सोसेलच असं नाही. सिलिंडर फुटून हात गेल्याच्या भीतीने जाणकार संग्राहक या बाबतीत फार सावध असतात. आतेभावाने त्याच दिवशी ठरवलं, यातून बार काढायचा नाही.

मग दुरुस्ती. स्क्रूंची तोंडं अरुंद असतात. साधा स्क्रूड्रायव्हर लावला की ती फाटतात. म्हणून त्याने प्रत्येकाच्या मापाची पाती घासून बनवली. आधी चार दिवस भेदक तेल मुरवलं. कळ धरून ठेवणारी व्ही आकाराची स्प्रिंग मोडकी होती, ती बदलली. वरचा सैल गंज तेल आणि अतिशय बारीक स्टील वुलने हलक्या हाताने काढला. उरलेल्या लाल गंजासाठी जुनी युक्ती आहे. सुटे भाग शुद्ध पाण्यात उकळले की लाल गंज काळा होतो आणि तिथेच थिजतो. मूठ व्हल्कनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची. उन्हाने ती काळ्याची चॉकलेटी होते. ती तशीच ठेवली.

एवढं झाल्यावर त्याचा मोह वाढला. म्हणाला, ‘भाई, बफिंग व्हीलवर धरतो आणि नवं ब्लूइंग करतो. आरशासारखं चमकेल.’

मी नको म्हणालो. जाणकार दुरुस्तीवालेही नको म्हणतात. त्यांचं कारण बाजारभावाचं. चाकावर धरलं की कडा गोल होतात, अक्षरं पुसट होतात आणि किंमत निम्म्यावर येते. माझं कारण वेगळं होतं. त्या पत्र्याच्या जाडीवर एक सबंध इतिहास कोरलेला आहे. १९१७ हा आकडा आहे. तो बाण आणि ‘आय’ आहे. पलटणीची अर्धवट अक्षरं आहेत. फौजेतून विकताना मारलेले दोन बाण आहेत, टोकाला टोक लावलेले. घासलेलं सिलिंडरसुद्धा एक नोंदच आहे, चुकीच्या दुरुस्तीची. यातली एकही खूण पुसली तर उरेल ते फक्त चकचकीत लोखंड. गंज काढायचा, कारण तो वस्तू खातो. खुणा ठेवायच्या, कारण वस्तू म्हणजे त्याच असतात.

हे आपल्या सगळ्याच वारशाला लागू आहे. जुनी मशीद असो, बारव असो, वेस असो; जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइल पेंट आणि टाइल्स लागतात आणि शिलालेख सिमेंटखाली जातो. चांगल्या हेतूने केलेली पुसापुशी शेवटी पुसापुशीच असते.

चुकीच्या मापाचं काडतूस

घासलेल्या सिलिंडरच्या गोष्टीवरून मला एक दुसरं रिव्हॉल्व्हर आठवलं. तेही मोठ्या बोअरचं, तेही चुकीच्या काडतुसांचं.

पहिल्या महायुद्धात वेब्ली पुरेनात म्हणून ब्रिटनने अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसनकडून ७० हजारांहून अधिक रिव्हॉल्व्हर आपल्या मापाची करून घेतली. युद्ध संपल्यावर त्यातली किती परत जमा झाली आणि किती सैनिकांच्या पेटाऱ्यांतून घरी गेली, कुणी सांगावं. त्याच कंपनीचं एक रिव्हॉल्व्हर पुढे इंग्लंडमध्ये एका पंजाबी माणसाच्या हाती पडलं. एका पबमध्ये सैनिकाकडून त्याने ते विकत घेतलं, असं सांगितलं जातं.

हा माणूस सुनामचा उधम सिंग. अमृतसरच्या अनाथालयात वाढलेला. १९२७ साली विनापरवाना रिव्हॉल्व्हरं आणि गदर पार्टीचं साहित्य बाळगल्याबद्दल अमृतसरला पकडला गेला आणि शस्त्र कायद्याखाली पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्या कायद्याविषयी वर लिहिलं, त्याच कायद्याखाली.

१३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये अफगाणिस्तानवरची सभा संपत असताना त्याने सहा बार काढले. दोन गोळ्या सर मायकेल ओड्वायर यांना लागल्या आणि ते जागीच गेले. जालियनवाला बागेच्या वेळी ओड्वायर पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर होते आणि जनरल डायरच्या गोळीबाराची त्यांनी पाठराखण केली होती. अनेक जण आजही समजतात की उधम सिंगने डायरला मारलं. डायर १९२७ सालीच मेला होता.

मंचावरचे भारतमंत्री लॉर्ड झेटलंड, लॉर्ड लॅमिंग्टन आणि सर लुई डेन जखमी झाले, पण वाचले. कारण काडतुसं जुनी होती आणि त्या नळीच्या मापापेक्षा बारीक होती. गोळ्यांना जोरच नव्हता. आयुष्यभर ज्याला कायदेशीरपणे हत्यार मिळालं नाही, त्याच्या हाती आलं ते असं, जमेल त्या मार्गाने, जमेल त्या मापाचं.

हत्या ही हत्याच. गांधीजींनी तिचा निषेध केला आणि मीही राजकीय खुनाचा पाठीराखा नाही. पण इथे एक उलटापालट झाली. मोठ्या बोअरच्या सगळ्या गोष्टींत गोळी खाणाऱ्याला नाव नव्हतं. या वेळी रिव्हॉल्व्हर ‘थांबवल्या जाणाऱ्या’ माणसाच्या हाती होतं, आणि त्याने पोलिसांना आवर्जून नाव सांगितलं : मोहम्मद सिंग आझाद.

आपल्याकडे ते ‘राम मोहम्मद सिंग आझाद’ असं प्रचलित आहे. लोकांच्या प्रेमाने त्यात भर घातली. ती भावना खरी आहे आणि मला प्रिय आहे. १९१९ च्या एप्रिलमध्ये अमृतसरात रामनवमीच्या मिरवणुकीत हिंदू-मुसलमान एकत्र चालले होते. डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल यांना एकत्रच पकडून नेलं होतं. बागेत सांडलेलं रक्तही एकत्रच मिसळलं. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने मूळ खूणही जपली पाहिजे. एका शीख घरात वाढलेल्या माणसाने मरणाच्या दारात स्वतःसाठी निवडलेल्या नावात पहिला शब्द ‘मोहम्मद’ होता. ज्या नावाला साम्राज्याच्या कागदांत ‘धर्मवेडा’ हा शेरा ठरलेला होता, ते त्याने आझादीला जोडून दाखवलं. उद्या कुणाला ते नाव चाकावर धरून गुळगुळीत करावंसं वाटलं, तर आपल्याला मूळ अक्षरं दाखवता आली पाहिजेत.

३१ जुलै १९४० रोजी पेंटनव्हिल तुरुंगात त्याला फाशी झाली. १९७४ साली त्याच्या अस्थी मायदेशी आल्या. रिव्हॉल्व्हर मात्र लंडनच्या पोलिसांच्या गुन्हे संग्रहालयात आहे. ते सर्वसामान्यांना खुलं नाही. ते परत मागण्याची भाषा अधूनमधून होते. परत यावं असं मलाही वाटतं. पण आलं, तर त्याला पॉलिश करू नये.

ईदच्या दिवशी आतेभावाचा शेवटचा फोटो आला. रिव्हॉल्व्हर निळसर काळं, शांत दिसत होतं. बाण, ‘आय’ आणि १९१७ स्पष्ट वाचता येत होतं. त्याने लाकडी पेटी केली होती आणि आत ठेवायला एक चिठ्ठी लिहायला घेतली होती. विचारत होता, ‘भाई, त्या पत्रकातला मॅनस्टॉपर शब्द लिहू की गाळू?’

मी म्हटलं, ‘लिही. तीही एक खूण आहे. फक्त पुढे एक ओळ जास्त लिही, की कुठल्या माणसाला थांबवायला हा शब्द काढला होता.’